जनूदादाची टाच

“ताई, ह्यांना चालतं करा. पण चढतं करू नका.”

शेवंतीवहिनी उंबऱ्याशी उभी होती. तिचा नवरा काठी टेकत अंगणातून बाहेर पडत होता, आणि ती विसरलेली पिशवी घ्यायला म्हणून परत आली होती. पिशवी तिच्या खांद्यालाच होती.

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे काय ते तुमी समजलात. पाय भुईला टेकू दे, बाजारात जाऊ दे, देवळात जाऊ दे. पण झाडावर जाईल एवढा नको बरा होऊ दे. आठ महिन्यांपूर्वी ह्यांना चादरीत घालून बागेतून आणलाय मी. परत नाय जमायचं मला.”

बाहेरून हाक आली, “येतंस काय?”

ती गेली. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. माझ्या गप्प राहण्याचा तिनं हो असाच अर्थ घेतला असणार, आणि खरं सांगायचं तर तो बरोबरच होता.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. माझा नवरा तेव्हा गुहागरच्या बाजूला एका प्रकल्पावर इंजिनियर होता आणि आम्ही नरवेली नावाच्या गावात भाड्यानं राहत होतो. मी पुण्याला फिजिओथेरपी शिकले होते. पुढे चार वर्षं एका बाईंच्या हाताखाली वेगळंच काम शिकले. त्यात मशिन नसतं, रगडणं नसतं, व्यायामाचे आकडे नसतात. माणसाला आडवं करायचं, हातांनी त्याचं डोकं, पाय, बरगड्या अगदी सावकाश हलवायच्या, आणि शरीर कुठे अडतंय ते बघायचं. दुखरा गुडघा बरेचदा पाठीमुळे दुखत असतो आणि पाठ मानेमुळे. एक भाग दुसऱ्याला साथ देईनासा झालेला असतो. ती साथ परत जुळवायची, एवढंच. गावात त्याला ‘ताईंचं हलवणं’ म्हणायचे. “मावशी, कुठे निघालात?” “हलवून घ्यायला.” पडवीत एक रुंद बाक, त्यावर घोंगडी आणि दोन उशा, एवढाच माझा दवाखाना.

जनार्दन आरेकर हा त्या भागातला नावाजलेला पाडेली. पाडेली म्हणजे माडा-पोफळींवर चढून नारळ-सुपारी उतरवणारा. वय अठ्ठेचाळीस, अंग तारेसारखं, बोलणं कमी. बत्तीस वर्षं तो चढत होता. पोफळ म्हणजे मनगटाहून जरा जाड खोड आणि चाळीस फूट उंची. चांगला पाडेली प्रत्येक झाडावरून खाली उतरत बसत नाही. तो वरच पोफळ झुलवतो, समोरची हाताला आली की धरतो आणि तिच्यावर जातो. जनूदादा एकदा वर गेला की वीस-वीस पोफळी करूनच भुईला पाय लावायचा, असं लोक सांगत.

मागच्या मोसमात तो पडला. डाव्या नडगीचे दोन तुकडे झाले. चिपळूणला सळई घातली. हाड छान जुळलं होतं, मी फोटो स्वतः पाहिला होता. डॉक्टरांनी चार महिन्यांतच ‘आता चाला’ म्हणून सांगितलं होतं. पण आठ महिने झाले तरी त्याची डावी टाच जमिनीला लागत नव्हती. तो चवड्यावर चालायचा. गुडघा वाकायचा नाही, डावा खांदा कानाशी चढलेला, श्वाससुद्धा उजव्याच बाजूनं. काठीशिवाय चार पावलं टाकली तरी घामाघूम व्हायचा.

पहिल्या दिवशी मी त्याची टाच हातात घेतली तेव्हा तो म्हणाला, “उचलू काय?”

“काही करायचं नाही. मी उचलते.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पाय स्वतःच उचलला.

“दादा, तुम्ही उचलताय.”

“नाय.”

“मी हात काढून घेऊ?”

मी हात काढला. पाय तसाच हवेत राहिला. त्यानं मान वर करून त्या पायाकडे बघितलं, परक्याच्या पायाकडे बघावं तसं. मग हसला. “हा काय माझा ऐकत नाय.”

तीन आठवडे आम्ही तेवढंच करत होतो. पाय सोडणं. खरं तर मी सुरुवात पायापासून केलीच नाही. मानेपासून केली, मग बरगड्या, मग कंबर. कंबर जरा सैल झाली तशी टाच अर्धा बोट खाली आली. एक लाकडी फळी मी त्याच्या तळव्याला लावायची, तो आडवा असतानाच. त्यामुळे तळव्याला जमीन मिळाल्यासारखं वाटतं, पण पडायची भीती नसते. हळूहळू तळवा फळीला चिकटून बसायला लागला. एकदा मी फळी दाबली तेव्हा ती हालचाल नडगीतून, मांडीतून, पाठीतून थेट मानेपर्यंत गेली आणि त्याची हनुवटी जराशी डोलली. असं झालं की मला फार आनंद व्हायचा. मी ठरवलं, पुढच्या आठवड्यापासून दोन्ही तळवे समोरासमोर धरायला लावायचे, गुडघे बाहेर, बेडकासारखे. झाडाचं खोड तळव्यांनी धरतात तसं. त्याच्या शरीराला बत्तीस वर्षं येणारी ती हालचाल होती. ती जागी झाली की बाकीचं आपोआप येईल, असा माझा हिशेब होता.

आणि त्याच दिवशी शेवंतीवहिनी पिशवी घ्यायला परत आली.

पुढचे आठ दिवस मी काय केलं, ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. मी त्याचे तळवे समोरासमोर आणलेच नाहीत. मान केली, खांदे केले, फळी लावली. गुडघा बाहेर वळायला लागला की मी हात काढून घ्यायची. मनाशी म्हणायची, चालण्यापुरतं पुरे. बाईचं म्हणणं चूक नाही. पडला तर पुढच्या वेळी नडगीवर भागणार नाही. माझ्याही डोळ्यांसमोर ती चादर यायची. पण आता वाटतं, त्यात दुसरंही काहीतरी होतं. एका माणसानं पुढे कसं जगायचं ते ठरवायची मुभा मला मिळाली होती, आणि ती घेताना मला जड गेलं नव्हतं.

टाच खाली यायची थांबली. मग परत वर जायला लागली.

नवव्या दिवशी, मंगळवार होता, जनूदादा बाकावर आडवा झाला आणि वाशांकडे बघत म्हणाला, “ताई, तुमी माझ्यावर रागावलात काय?”

“नाही हो. का?”

“गेल्या सोमवारपास्नं तुमचा हात गुडघ्यापर्यंत येतो आणि परत जातो. माझा जन्म हातावर गेला, ताई. कुठला हात धरणारा आणि कुठला सोडणारा ते मना कळतं.”

मी त्याच्या पायाशी बसले होते. उठून डोक्याशी गेले, कारण त्याच्या तोंडाकडे बघून बोलणं भाग होतं.

“तुमचं बरोबर आहे. मी मुद्दाम थांबले.”

“का?”

वहिनीचं नाव मी घेतलं नाही. “मला वाटलं, तुम्ही पूर्ण बरे झालात तर परत चढाल. त्याची मला भीती वाटली. असं करायला नको होतं मी. पाय तुमचा आहे.”

शेवंतीवहिनी नेहमीप्रमाणे मागच्या अंगणात माझ्या घरमालकिणीशी बोलत बसली होती. तिचा आवाज येत होता.

“दार लोटा,” तो म्हणाला.

मी लोटलं.

“मना चढायचा नाय, ताई.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुढे वाकले.

“चढायचाच नाय. पण सांगू कुणाला?”

मग तो पडला कसा ते त्यानं सांगितलं. लोक म्हणत होते पाय घसरला. पाय घसरला नव्हता. बिवलकरांच्या बागेत नववी की दहावी पोफळ होती. त्यानं झाड झुलवलं, समोरची हाताला आली, त्यानं धरली. आता मागची सोडायची. “हे हजार वेळा केलाय. त्यात विचार करायचा नसतो. आणि मी विचार केला. सोडू की नको? बत्तीस वर्षांत पयल्यांदा. हात पुढच्या झाडाला आणि डाव्या पायाचा विळखा मागच्या झाडाला. म्हटलं सोड, तर पाय सोडीना. मग दोन्ही झाडं आपापल्या जागी गेली आणि मी मधी.”

त्यानं डोळे मिटले.

“पाय मोडला तवा खाली पडल्या पडल्या काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. आता चढायला नको. आणि आता तुमी पाय बरा करायला बसलात. पाय बरा झाला, तर न चढायला कारण काय सांगू? जनू आरेकराला भीती वाटते, असं सांगू? शेवंतीला काय वाटेल? ती सगळ्या गावात सांगत फिरते, आमचे ह्ये परत चढतील म्हणून.”

ती गावात तसं सांगत होती, हे मलाही माहीत होतं. नवऱ्याला धीर यावा म्हणून सांगत होती.

मी तिथे बसून राहिले. नवरा-बायको दोघांनी एकच गोष्ट मला वेगवेगळी सांगितली होती, दोघांनीही एकमेकांपासून लपवून, आणि मधे तो पाय आठ महिने हवेत अधांतरी राहिला होता. माझ्यापाशी दोघांचंही गुपित होतं. एकाचं दुसऱ्याला सांगणं मला शक्य नव्हतं, आणि न सांगणंही.

शेवटी मी दार उघडून हाक मारली, “वहिनी, जरा आत या. घरी दादांचा पाय कसा धरायचा ते दाखवते.”

जनूदादानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मी काही सांगणार नाही.”

शेवंतीवहिनी पदराला हात पुसत आली. मी तिला बाकाच्या पायथ्याशी बसवलं. तिचे हात सुपारी सोलून सोलून चिरलेले, बोटं काळपट आणि मजबूत. मी तिच्या दोन्ही तळहातांत टाच ठेवली.

“उचलायचं नाही, ओढायचं नाही. नुसतं वजन घ्यायचं.”

“वजन हायच कुठे? पीस धरल्यासारखा लागतो.”

“हो. दादा ते देत नाहीत. वाट बघायची.”

मी डोक्याशी जाऊन बसले आणि जनूदादाचं डोकं माझ्या हातांत घेतलं. त्याची मान दगडासारखी झाली होती. बाहेर कोणीतरी रहाटानं पाणी काढत होतं. तिनं नवऱ्याचा पाय असा कधी धरलाच नसेल, असं मला तिच्या तोंडाकडे बघून वाटलं. पाच मिनिटं झाली असतील. तिनं अंगठा टाचेच्या कडेनं, सळईच्या स्क्रूच्या खुणेपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

“ऐकलंत काय,” ती टाचेकडे बघत म्हणाली. “ह्या पायानं परत झाडावर जाऊ नका.”

माझ्या हातातली मान आणखी ताठ झाली.

“तुमाला राग येईल. येऊ दे. मी सगळ्यांना सांगते चढतील म्हणून, ते तुमाला बरं वाटावं म्हणून. मना नको हाय. मी सुपारी सोलीन, कुणाकडे भांडी घाशीन, पण तुमी वर गेलात की मी घरात बसू शकत नाय. लग्न झाल्यापास्नं नाय बसू शकले. काढणीच्या दिवसांत माझ्या पोटात अन्न ठरत नाय. कधी बोलले नाय. आता बोलते.”

“शेवंते,” तो म्हणाला.

“काय?”

“मी नाय जात.”

“माझ्यासाठी म्हणून नका बोलू.”

“तुझ्यासाठी नाय. मनाच भीती वाटते.”

तिनं झटकन वर बघितलं. मला वाटलं ती रडेल. ती भडकली.

“कधीपास्नं?”

“पडलो तवापास्नं. त्याच्या जरा आधीपास्नं.”

“आणि आठ महिने गप्प? मी आठ महिने रात्रंदिवस देवाला सांगतेय, ह्यांच्या मनातून झाड जाऊ दे म्हणून! ह्या ताईंच्या पाया पडले, पाय अर्धाच बरा करा म्हणून! आणि तुमच्या मनात झाड नव्हतंच? तोंड काय शिवलं होतं काय तुमचं?”

“अर्धा बरा?” तो म्हणाला. मग डोळे वर करून माझ्याकडे, उलट्या तोंडाकडे, बघितलं. “तरीच.”

मी मान हलवली.

“आणि तुझा तोंड?” तो बायकोला म्हणाला. “लग्न झाल्यापास्नं पोटात अन्न ठरत नाय, ते तीस वर्षांनी सांगतंस?”

मग तो हसायला लागला. आधी बरगड्या हलल्या, मग पोट. हसताना माणसाला मान ताठ धरता येत नाही, आणि त्याचं डोकं माझ्या हातांत हळूहळू उतरलं, पाण्यानं भरलेल्या घागरीसारखं.

“अगो बाई,” शेवंतीवहिनी दचकून म्हणाली. “ताई, हा जड झाला! काय झालं? पाय जड झाला ह्यांचा!”

“जड नाही झाला. सोडला त्यांनी.”

ती टाच तशीच धरून बसली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

लगेच तो उठून चालायला लागला, असं काही झालं नाही. टाच पूर्ण टेकायला आणखी तीन आठवडे लागले. मी तळवे समोरासमोर आणले, गुडघे बाहेर वळवले, जे ठरवलं होतं ते सगळं केलं, काही हातचं राखलं नाही. “चढायचा नसला तरी हे करायचं?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “चढता येत असून न चढणं वेगळं.” त्यानं जरा विचार केला आणि पाय माझ्या हातात दिला. महिनाअखेर काठी सुटली. हातात जड ओझं असलं की किंचित लंगडायचा, तेवढंच राहिलं.

मग काढणी आली. बिवलकरकाकांचा निरोप आला, जनू चालायला लागला म्हणे, त्याला बागेत पाठवा. दोघं नवरा-बायको जाताना मला म्हणाली, “ताई, तुमीपण चला.” कशाला ते मी विचारलं नाही.

बिवलकरांची बाग ओढ्याच्या काठानं उतरत गेलेली होती. पोफळींच्या रांगा, मधून पाटाचं पाणी. वर दोन-तीन पाडेली होते, खाली बायका सुपारी गोळा करत होत्या. काका सत्तरीचे, सदरा-धोतरातले. त्यांनी जनूदादाला लांबून येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अरे वा! काठीसुद्धा नाही! पाय बरा दिसतोय की. मग सोमवारपासून येतोस ना? खालची पूर्ण रांग तुझ्यासाठी ठेवलीय. या लोकांना दोन झाडं झाली की उतरावं लागतं.”

शेवंतीवहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं.

सोपा रस्ता त्याच्यासमोर होता. पाय दुखतो म्हणाला असता तर कोणी पुढे विचारलं नसतं. तो दोन्ही टाचा टेकून उभा होता.

“पाय बरा हाय, काका. पण मी चढणार नाय.”

“का रे? कोणी काही बोललं का?”

“नाय. भीती वाटते.”

बायकांचे हात थांबले. मग वरून, पंचविसेक फुटांवरून, विठोबा घुमेचा आवाज आला. हा जनूदादाच्याच वयाचा, त्याच्याच जोडीनं चढायला शिकलेला.

“जनू, काय बोललास? ऐकू नाय आलं!”

जनूदादानं मान पूर्ण मागे टाकून वर बघितलं. त्या मानेवर मी दोन महिने काम केलं होतं. आता ती कुठेच अडली नाही.

“भीती वाटते, बोललो!” तो ओरडला.

पोफळ हळूहळू झुलायची थांबली.

“मग मना काय वाटत नाय समजतंस?” विठोबा वरून म्हणाला.

त्यानं समोरची पोफळ धरली नाही. होता त्याच पोफळीवरून सरळ खाली उतरला.